शून्य ते तीन

रविवारी सकाळी मी पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो आणि समोर फरशीवर मनुबाई कासारीण माझ्या बायकोच्या हातात बांगड्या भरत होती. कुमुदच्या भाचीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या भाड्याच्या घरात दोन दिवस नुसती लगबग चालली होती आणि त्यात माझा उपयोग कुणालाच नव्हता. कुमुद मान वळवून माझ्याशी बोलत होती. शुक्रवारपासून रजा टाकलीत का, राखाडी कोट धोब्याकडून आणलात का, आणि लग्नात कुणी गुडघे दाखवायला आलं तर तिथल्या तिथं तपासत बसू नका, मागच्या खेपेला पंगत उठायची वेळ आली तरी तुमचं चाललेलंच होतं. आवाज रोजचाच होता. मी हं, हं म्हणत होतो. पान उलटायला पेपर खाली घेतला तेव्हा माझी नजर सहज तिच्या पायावर गेली. एक गुडघा उभा करून ती बसली होती आणि त्या पायाचा अंगठा फरशीवर असा दाबलेला होता की नखाखालचं रक्त हटून ते पांढरं पडलं होतं. मनुबाईच्या मुठीत तिचा पंजा आवळलेला होता, बांगडी बोटांच्या मुळाशी उंचवट्यावर अडली होती. मनुबाईनं पंजा आणखी आवळला, बांगडी सरकून मनगटावर गेली, अंगठा सैल झाला, नख गुलाबी झालं. पुढची बांगडी चढायला लागली तसा अंगठा पुन्हा दाबला गेला. कुमुद कोटाबद्दलच बोलत होती.

मी विचारलं, "दुखतंय का?"

"काय?"

"हात."

"छे," कुमुद म्हणाली. "मनुबाईंचा हात हलका आहे."

मनुबाई हसली. साठीची बाई, गणपती पेठेतून डोक्यावर पेटी घेऊन चालत येते, आणि बोलताना हातातलं काम थांबवत नाही. "बाईमाणसाच्या तोंडाकडं बघून काय कळतंय व्हय डाक्टरसायेब? मी तोंडाकडं बघतच न्हाई. पायाच्या अंगठ्याकडं बघती. अंगठा रुतला की समजायचं, आता लय झालं, जरा साबण लावावा."

"आणि हात ओढून घेतला तर?"

"ल्हान पोरी घेत्यात की. येकदा बांगडी वाढली, काच रुतली, वरनं आयनं पाठीत धपाटा घातला, की परत जन्मात हात मागं घेत न्हाईत." बांगडी फुटली असं ती म्हणाली नाही. तसं कुणीच म्हणत नाही, वाढली म्हणतात. मग तिनं साबणाची वडी ओली केली आणि कुमुदच्या डाव्या हाताला चोळायला घेतली. मी पेपर पुन्हा वर धरला. त्यातलं एकही अक्षर मला पुढे वाचता आलं नाही.

एवढं मनावर घेण्यासारखं खरं तर काही नव्हतं. बायकांना बांगड्या भरताना दुखत असणार हे कुणीही सांगेल, त्याला एम. डी. व्हावं लागत नाही. पण माझा धंदाच दुखणं मोजण्याचा आहे. ज्या आमवातात दोन्ही हातांची बोटं सारखीच सुजतात, हळूहळू एका बाजूला कलतात आणि शेवटी तशीच राहून जातात, त्याचे पेशंट मी पाहतो. हा आजार पाहणारे डॉक्टर सांगली-मिरजेत आणखीही आहेत. त्याला आकडा देणारा मात्र मी एकटाच, असा माझा समज आहे आणि तो मी फारसा लपवतही नाही. लय दुखतंय, जीव चाललाय, ठणका लागलाय, असले शब्द माझ्या टेबलावर चालत नाहीत. रक्तदाबाच्या यंत्राची कापडी पिशवी गुंडाळायची, तीसपर्यंत हवा भरायची आणि पेशंटच्या मुठीत द्यायची. त्यानं दाबल्यावर पारा जितका चढेल तितकी त्याची पकड. सोनाराकडच्या मापाच्या अंगठ्यांचा जुडगा माझ्या खणात आहे, बोटाच्या मधल्या सांध्यावरून कुठल्या नंबरची अंगठी पार होते ते त्यावरून कळतं. सकाळी उठल्यावर अंग किती मिनिटं आखडलेलं राहतं ते विचारायचं. पन्नास फूट चालायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहायचं. रक्त उभ्या नळीत तासभर ठेवून तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं, जितक्या जास्त खाली तितकी आग जास्त. आणि या सगळ्यांत माझा लाडका म्हणजे सांधे दाबण्याचा तक्ता. अडुसष्ट साली स्कॉटलंडातल्या डॉक्टरांनी तो काढला. शरीरातल्या सांध्यांच्या सव्वीस जागा, प्रत्येक जागा अंगठ्यानं बेतानं दाबायची, काही ठिकाणी हलवून पाहायची. दुखलं नाही, शून्य. दुखतं म्हणाला, एक. दुखतं म्हणाला आणि तोंड वाकडं केलं, दोन. दुखतं म्हणाला, तोंड वाकडं केलं आणि अंग मागे घेतलं, तीन. सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर, त्यापलीकडे दुखण्याला जागा नाही. मी आकडा मोठ्यानं सांगतो, सिस्टर बनसोडे तो शब्दांसकट परत म्हणतात आणि मग लिहितात, म्हणजे चूक राहत नाही. "दोन, तोंड वाकडं केलं." "तीन, हात मागे घेतला." दुपारच्या ओ.पी.डी.त दाराबाहेर बसलेल्यांना आतून हे ऐकू जातं, आणि पाढे चाललेत असं त्यांना वाटतं, असं एकदा सिस्टरांनीच मला सांगितलं होतं.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, आमच्या इस्पितळाला सोन्याच्या क्षाराची इंजेक्शनं मिळाली होती. बारा पेशंटना वर्षभर पुरतील एवढीच. दर आठवड्याला एक सुई, दर आठवड्याला लघवी आणि रक्ताची तपासणी, आणि चार-सहा महिन्यांनी कुठं फरक पडला तर पडला. पण पडला तर बोटं वाकायची थांबतात. एकदा वाकून बसल्यावर मग सोनं काय नि काय, कशाचाच उपयोग नसतो. गावोगाव बातमी गेली तेव्हा खानापूरकडची एक बाई गळ्यातले दोन मणी फडक्यात बांधून घेऊन आली, वितळवायला. तिची समजूत घालता घालता माझी दुपार गेली. बारा कोण हे ठरवायचा नियम मीच लिहिला होता: पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा तक्ता करायचा आणि दुसऱ्या वेळी बेरीज वीसच्या वर पाहिजे. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी मान डोलावली. कुणाची चिठ्ठी नाही, कुणाची ओळख नाही, नुसता आकडा. मला तो नियम फार आवडला होता. अकरा जागा भरल्या होत्या. बारावीसाठी सोमवारी हरणाबाई येणार होती आणि साहेबांना यादी सोमवारीच हवी होती.

पलूसच्या बाजूचं कुठलंसं गाव तिचं. वय बेचाळीस, नवरा जालिंदर पलटणीत, सध्या जम्मूकडे. घरात सासू आणि दोन म्हशी. पहिल्या वेळी आली तेव्हा सासूला बाहेर बाकावर बसवून ती आत आली, चपला दाराशी काढल्या, स्टुलाच्या अगदी कडेला बसली. काय त्रास होतो या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं, "म्हस माज्याबिगर कुणाला धार देत न्हाई. तेवढी धार काढाय येऊ दे, बाकी माजं काय मागणं न्हाई." मी सांधे दाबले. प्रत्येक ठिकाणी विचारलं, दुखतं का. पंधरा ठिकाणी ती म्हणाली, "व्हय, दुखतंय," आणि ते अशा आवाजात की जणू मी गावाचं नाव विचारलं होतं. तोंडावरची रेघ हलली नाही. हात, पाय, काहीच मागे गेलं नाही. पंधरा एके पंधरा. पिशवी मुठीत दिली तर पारा अठ्ठावन्नच्या पुढे सरकेना. जोर लावा म्हटलं तर म्हणाली, "फुटंल की." सकाळी अंग किती वेळ आखडतं? "न्हाई आखडत." डाव्या मनगटात दोन जुनाट, रंग उडालेल्या बांगड्या होत्या, त्या मनगट तपासताना मध्ये येत होत्या. काढा म्हटलं तर म्हणाली निघत न्हाईत. रक्ताचा आकडा मात्र अठ्ठ्याऐंशी आला होता. रक्त एक सांगत होतं आणि बाई दुसरं. कागदाच्या तळाशी शेऱ्यासाठी जागा असते, तिथं मी 'सहकार्य कमी' असं लिहिलं आणि त्यावर सही केली.

दुपारी जेवण झाल्यावर कुमुद सामानाच्या याद्या करत बसली. तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत चढत गेल्या होत्या आणि लिहिताना त्या कागदावर वाजत होत्या. मी खाटेवर आडवा झालो. झोप येत नव्हती. डोळे मिटले की 'सहकार्य कमी' ही माझीच अक्षरं दिसत होती, आणि त्यांच्या मागून दुसरा एक कागद. तो माझ्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात आहे, मी तो कधी काढून पाहत नाही, पण तो आहे. सत्तर सालचा मे महिना, सातारा. मी पुण्याहून हा तक्ता नवा नवा शिकून सुट्टीला घरी गेलो होतो, आणि नवं शिकलेलं कुणावर तरी करून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. आई स्टोपाशी बसली होती. तिची बोटं दोन वर्षं सुजत होती, पिठाचा डबा उघडायला ती वडिलांना हाक मारायची, हे मला माहीत होतं. मी तिच्यासमोर पाट घेऊन बसलो आणि तिचा हात हातात घेतला.

"दुखतंय का?"

"दाबल्यावर दुखंलच की रं भाऊसो."

"तसं नाही आई. जास्त दुखतंय का?"

"तू काय परका हायस व्हय? दाब की."

दाबल्यावर दुखंलच की, याचा मी अर्थ लावला: बहुधा नाही. सव्वीसपैकी चार ठिकाणी एक एक मिळाला, बाकी शून्य. मी तिला कागद दाखवला. अठ्ठ्याहत्तरातले चारच भरलेत, तुला विशेष काही नाही. तिनं तो आकडा मनापासून मान्य केला. शेजारच्या आक्काताई आल्या तेव्हा तिनं त्यांना सांगितलं, "भाऊसोनं तपासलंय. अठ्ठ्याहत्तरातलं चारच भरलं." आक्काताई म्हणाल्या, म्हणजे नापास झालीस की गं, आणि दोघी पोट धरधरून हसल्या. मीही हसलो. मला त्या दिवशी फार हुशार वाटत होतं. त्यानंतर ती कुणाजवळही हाताची तक्रार करू शकली नाही, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे. डबा उघडायला हाक आली की ते म्हणायचे, अगं पोरानं तपासलंय ना. मग तिनं डबा उघडाच ठेवायला सुरुवात केली. मी पत्रात विचारायचो हात कसा आहे, आणि उलट टपाली उत्तर यायचं, तू बगून गेल्यापास्नं बरा हाय.

बहात्तरच्या श्रावणात ती गेली. हृदयविकारानं, सकाळी, दोन तासांत. हाताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तसं मी स्वतःला डॉक्टर म्हणून सांगू शकतो आणि ते खरं आहे. वडिलांच्या आधी गेली म्हणून तिला हिरवा चुडा भरायचा होता. सदरबझारातून कुणीतरी कासारणीला बोलावून आणलं. सव्वादोन मापाच्या बांगड्या होत नव्हत्या. अडीचच्याही अडकत होत्या. तीन-चार बांगड्या तिथंच वाढल्या, बायकांनी काचा बाजूला सारल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. कासारीण साबण लावून हळूहळू पंजा दाबत होती, इतकी हळू की कुणीतरी तिला म्हणालंसुद्धा, आता काय होतंय बाई तिला, उरका. तिची नजर मधून मधून आईच्या पायांकडे जात होती. पायाचे दोन्ही अंगठे दोऱ्यानं एकत्र बांधलेले होते. मला वाटलं ती मनातल्या मनात नमस्कार करत असावी. आणि मला बरं वाटलं होतं, की परकी बाई असून आईला मान देतेय. रविवारी दुपारी खाटेवर पडल्या पडल्या मला कळलं की तिला सवयच होती. पंजा दाबला की अंगठ्याकडे बघायचं. दोन वर्षं उशिरा कळलं, आणि तेही कुमुदचा पाय पाहून. मी उठून पाणी प्यायलो. कुमुदनं विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, तिनं मान डोलावून यादी पुढे लिहायला घेतली. आमच्या घरात हे उत्तर नेहमी चालतं.

सोमवारी मी जरा लवकर गेलो. बाजार समितीच्या बाजूनं वारा होता आणि हवेत हळदीची धूळ होती, सिस्टर बनसोडे रुमाल नाकाला लावूनच आल्या. हरणाबाई दहाला आली. सासू धोंडुबाई बाहेर बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. दार ओढून घेतलं तरी ते पुरतं लागत नाही, बिजागरी निखळलेली आहे, त्याचा अर्ज मी मागच्या वर्षी दिलाय. ती स्टुलाच्या कडेला बसली. पाय शहाबादी फरशीवर, उघडे. मी आधी सकाळचा प्रश्न विचारला, पण तो वेगळा विचारला.

"हरणाबाई, तुम्ही उठता किती वाजता?"

"चारला."

"आणि हात मोकळा कधी होतो? म्हशीच्या सडाला नीट धरता येतं असा?"

तिनं विचार केला. "सासूबाई उठस्तवर हुतोय. त्या सातला उठत्यात. तवर चुलीम्होरं शेकत बसती. दिवस उगावला की मग काय न्हाई."

तीन तास. मागच्या वेळी मी शून्य मिनिटं लिहिलं होतं. सकाळ म्हणजे घर उठल्यानंतरची, असं ती धरून चालली होती. त्याआधीच्या वेळात तिला काय होतं हे विचारायची गोष्ट असेल असं तिला वाटलंच नव्हतं. नव्या कागदावर मी एकशेऐंशी लिहिलं. पण नियमात मिनिटं धरायची नव्हती, तक्ता धरायचा होता. मी तिचा उजवा हात हातात घेतला. बोटांच्या मुळाशी चार उंचवटे, चारही गरम. आडवा पंजा धरून दाबला, मनुबाईनं धरला होता तसाच, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पेशंटच्या तोंडाकडे न पाहता खाली पाहिलं. अंगठा फरशीवर रुतला होता. नख कधीच पांढरं झालं होतं आणि पोटरीची शीर वर आली होती.

"दुखतंय?"

"व्हय, दुखतंय," ती म्हणाली. गावाचं नाव सांगावं तशी.

"तीन," मी म्हणालो.

सिस्टरांनी मान वर केली. त्या माझ्याबरोबर चारच वर्षं आहेत, पण तेवढ्यात माझं आकड्यांचं प्रेम त्यांना पाठ झालंय. तरी त्यांनी सवयीनं परत म्हटलं, "तीन, हात मागे घेतला."

"म्या कुटं हात मागं घेतला?" हरणाबाई म्हणाली.

आवाज खालीच होता, पण मागच्या पंधरा उत्तरांत आणि यात फरक होता. ती दाराकडे पाहत होती. बाहेर पिशवीची सरसर झाली.

"तसं लिवू नगा डाक्टर. मी हात मागं घेतला न्हाई."

मी तिला समजावून सांगायला लागलो. हा नुसता आकडा आहे, त्यात कमीपणा काही नाही, वीसच्या वर गेल्याशिवाय मला सुई देता येत नाही, आणि सुई मिळाली नाही तर वर्षा-दोन वर्षांत ही बोटं वाकतील आणि मग म्हैस काय, लाटणंसुद्धा धरता यायचं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. धार या शब्दाला तिची मान हलली. मी विचारलं, "दुखतं ना तुम्हाला?"

"लय दुखतंय की."

"मग हात मागे का घेत नाही?"

तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "आवं, तुमी बघतायसा न्हवं? तुमी बघतायसा आन् मी हात वडून घीऊ? कसं चालंल?"

तू काय परका हायस व्हय? दाब की. हे मला त्या क्षणी कुणीतरी कानाशी म्हटल्यासारखं ऐकू आलं आणि मला लाज वाटली. दुःख नाही, पश्चात्ताप वगैरेही नाही, सरळ लाज, शाळेत चूक उत्तर मोठ्यानं दिल्यावर वाटते ती. मी म्हणालो, ठीक आहे, आपण पुन्हा करू. आता मी दाबतो, आणि दुखलं की तुम्ही मुद्दाम हात ओढून घ्या. मीच सांगतोय म्हटल्यावर त्यात वाईट काही नाही. ती बरं म्हणाली. मी दाबलं. अंगठा फरशीत रुतला, हात जागचा हलला नाही. पुन्हा दाबलं. तिचे ओठ ओढायचा प्रयत्न केल्यासारखे घट्ट झाले, खांदा जरासा उचलला, हात माझ्या हातात तसाच. "न्हाई जमत," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचंच हसू आलं. सिस्टर पेन धरून थांबल्या होत्या. तक्त्यात पंधरा ठिकाणी एक एक येणार, बेरीज पंधरा, तेराव्या-चौदाव्या नंबरचा कुणीतरी ओरडणारा गडी बारावा होणार, आणि त्या यादीखाली मी सही करणार, सगळं नियमाप्रमाणे. खोटा आकडा मी आजवर लिहिला नव्हता. आईचा चारसुद्धा खोटा नव्हता, तिनं जे दाखवलं तेच मी लिहिलं होतं. हा विचार मी त्या वेळी अगदी थंडपणानं केला, आणि तो करत असताना माझा अंगठा तिच्या गरम सांध्यावर होता. मी चौथ्यांदा दाबलं. मग मला पुढे दाबवेना. मी माझा हात काढून घेतला.

तिचा हात तिथंच राहिला. टेबलाच्या वर, पालथा, मी धरला होता त्याच उंचीवर, पुन्हा धरायची वाट बघत.

"तीन," मी म्हणालो. "हात मागे घेतला."

सिस्टरांनी लगेच परत म्हटलं नाही. हरणाबाईनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या. "आवं, हात तुमी मागं घेतला."

"हो. मीच घेतला."

"ते कागदावर येतंय?"

"कुणी घेतला हे लिहायला जागा नाही. घेतला एवढंच लिहायचं."

तिनं कागदाकडे पाहिलं. मग तिनं हात आणखी जरा पुढे केला आणि म्हणाली, "मग असू द्या. लिवा."

"तीन, हात मागे घेतला," सिस्टर बनसोडे म्हणाल्या, आणि त्यांनी ते बारीक, नीट अक्षरांत लिहिलं. डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी तसंच झालं आणि उजव्या मनगटालाही. तीनदा मी माझा हात काढून घेतला. बाकी बारा ठिकाणी ती व्हय म्हणाली आणि मी एक एक दिला. बेरीज एकवीस. सिस्टरांनी यादीत बारावं नाव घातलं आणि पहिली सुई बुधवारी असं चिठ्ठीवर लिहून दिलं. जुन्या कागदावरचा शेरा खोडायला मी पेन उचललं होतं, पण सही केलेल्या कागदावर खाडाखोड चालत नाही, म्हणून तो तसाच राहिला.

हरणाबाई उठली, वाकून नमस्कार केला आणि दाराशी चपला शोधत उभी राहिली. दार अर्धवट उघडंच होतं. धोंडुबाई उठून आल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं असणार. "लय दुकावलं का गं?" त्यांनी विचारलं.

"छ्या," हरणाबाई म्हणाली. "डाक्टरचा हात हलका हाय."

मी पुढच्या पेशंटचा कागद पुढे ओढला. सिस्टर काहीतरी विचारत होत्या, मी काही नाही म्हणालो. बुटात माझा अंगठा केव्हाचा दाबून धरलेला होता.